चालत्या पानाचा सुटा भाग बदलताना : हॉट रीलोडिंगचा इतिहास आणि बिल्ड टूल बदलल्यानंतरची डागडुजी

आज आपण ज्या भागात बसलो आहोत तिथलंच उदाहरण आधी घेऊ. मनमाडकडून नगरमार्गे येऊन पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की काय व्हायचं, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून फिरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी आली त्याच्या उलट तोंडानं पुण्याकडे निघायची. १८७८ साली धोंड-मनमाड मार्ग सुरू झाला, तो पुणे-सोलापूर मार्गाला ज्या कोनात मिळाला त्याचा हा परिणाम. पुढे सव्वाशेहून जास्त वर्षं गाड्या दौंडला अशा तोंड फिरवत राहिल्या. मग कॉर्ड लाइन झाली. आता गाडी जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर वळू शकते. वेळ वाचला. पण या गाड्या मुख्य स्टेशनात येत नाहीत, कॉर्ड लाइनचं वेगळं स्टेशन आहे. म्हणजे जुन्या फलाटावर अवलंबून असलेल्या सगळ्यांनी आपली गणितं बदलायची.

सॉफ्टवेअरमध्ये बिल्ड टूल बदलतात तेव्हा नेमकं हेच होतं. मार्ग छोटा होतो, वेग वाढतो, आणि जुन्या मार्गाच्या भरवशावर उभ्या असलेल्या गोष्टी एकेक करून बोलायला लागतात. त्यातली सगळ्यात आधी बोलते ती हॉट रीलोडिंग.

हॉट रीलोडिंग म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत. तुम्ही वेबपानाचा कोड लिहिताय, ब्राउझरमध्ये ते पान उघडं आहे, त्यात अर्धा फॉर्म भरलेला आहे. कोडमध्ये एका बटणाचा रंग बदलून फाइल सेव्ह केली, तर फक्त तेवढं बटण बदलावं आणि भरलेला फॉर्म जसाच्या तसा राहावा, ही ती सोय. ही सोय नसेल तर पूर्ण पान नव्यानं उघडतं आणि फॉर्म कोरा होतो.

आता इतिहास. ही कल्पना ब्राउझरवाल्यांची नव्हे, त्याच्या कितीतरी आधीची आहे. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत लिस्प भाषेचं काम सुरू केलं. तिच्यात पुढे प्रोग्रॅम चालू असतानाच एखादं फंक्शन नव्यानं लिहून द्यायची रीत रुळली. झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात स्मॉलटॉक तयार झाली, तिच्यात तर चालू यंत्रणा आणि तिचा कोड यांच्यात भिंतच नव्हती. १९७९ साली स्टीव्ह जॉब्स ती बघायला गेले. पडद्यावरचा मजकूर ओळ-ओळ उडी मारत सरकत होता, तो सलग सरकला तर बरं, असं ते म्हणाले. डॅन इंगल्स यांनी तिथल्या तिथे कोड बदलला, आणि यंत्र बंद न करता काही क्षणांत मजकूर सलग सरकायला लागला. जॉब्स यांच्या त्या भेटीबद्दल बोलताना माऊस आणि खिडक्यांचीच चर्चा फार होते. आमच्या मते त्या खोलीतली सगळ्यात पुढची गोष्ट ही होती, आणि नेमकी तीच कुणी बरोबर नेली नाही.

दुसरा धागा टेलिफोनचा. एरिक्सन कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत १९८६ पासून जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी अर्लांग भाषा घडवली. टेलिफोन एक्स्चेंज बंद करून कोड बदलता येत नाही. हजारो लोक बोलत असतात. म्हणून अर्लांगमध्ये एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या एका वेळी जिवंत राहतात. चालू असलेला कॉल जुन्या आवृत्तीवर संपतो, नवा कॉल नव्या आवृत्तीवर जातो. तिसरी आवृत्ती आणली की सगळ्यात जुनीवर अजून रेंगाळणारी कामं मात्र मारली जातात. हा नियम लक्षात ठेवा. बदल आत घ्यायचा तर जुन्याचं काय करायचं हे कुणीतरी आधी ठरवलेलं असावं लागतं. ब्राउझरमध्ये हे ठरवलेलं नव्हतं, आणि पुढची सगळी कथा त्यातून निघते.

ब्राउझरमध्ये १९९५ साली जावास्क्रिप्ट आली. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत केला, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर पंधरा वर्षं बदल बघायचा एकच मार्ग होता, एफ-फाइव्ह दाबणं. पान साधं होतं तोवर कुणाचं काही अडत नव्हतं. लाइव्ह-रीलोडसारखी साधनं आली, त्यांनी ते बटण आपोआप दाबण्याची व्यवस्था केली, एवढंच. पण पानं मोठी होत गेली. लॉगिन करा, मेनूत जा, तिसरी टॅब उघडा, अठरा रकाने भरा, मग एकोणिसाव्या रकान्याची चूक दिसणार. दर सेव्हला हा वारीचा मार्ग पायी चालायचा.

२०१२ हे वर्ष इथे महत्त्वाचं. जानेवारीत ब्रेट व्हिक्टर यांनी मॉन्ट्रियलच्या विद्यार्थी परिषदेत एक व्याख्यान दिलं. निर्माण करणाऱ्याला आपण काय करतोय ते लगेच दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनी पडद्यावर करून दाखवला. ते व्याख्यान जगभर पाहिलं गेलं. त्याच वर्षी जर्मनीत टोबियास कॉपर्स यांनी वेबपॅक लिहायला घेतलं. त्यांना हवं होतं ते वेगळंच होतं; मोठा कोड तुकड्यांत तोडून गरजेप्रमाणे ब्राउझरला द्यायचा, ही गूगलच्या एका साधनातली सोय त्यांना जावास्क्रिप्टमध्ये आणायची होती. पण तुकडे कुठे आणि कोण कुणावर अवलंबून याचा नकाशा हाताशी आल्यावर एकच तुकडा बदलणंही शक्य झालं. हॉट मॉड्यूल रिप्लेसमेंट वेबपॅकमध्ये आली ती अशी.

तिचं काम कसं चालतं ते नीट बघू, कारण पुढची डागडुजी यावरच आहे. एखादी फाइल बदलली की साधन ब्राउझरला कळवतं. मग प्रश्न विचारला जातो : हा बदल स्वीकारणारं कुणी आहे का? ती फाइल स्वतः स्वीकारत असेल तर उत्तम. नसेल तर तिला आयात करणाऱ्या प्रत्येक फाइलीला विचारायचं. त्याही नाही म्हणाल्या तर त्यांच्या वरच्यांना. असं वर वर जात, एक जरी वाट कुणी न स्वीकारता मुख्य फाइलीपर्यंत पोहोचली, तर नाइलाज. पूर्ण पान नव्यानं उघडायचं. ग्रामपंचायतीत न सुटलेली तक्रार तहसीलला, तिथून जिल्ह्याला जाते तसं. फरक इतकाच की इथे शेवटच्या पायरीवर अख्खं गाव नव्यानं वसवतात.

२०१३ च्या मे महिन्यात फेसबुकनं रिअ‍ॅक्ट खुलं केलं. २०१४ मध्ये डॅन अब्रामोव्ह यांनी वेबपॅकची ही सोय रिअ‍ॅक्टला जोडून रिअ‍ॅक्ट हॉट लोडर आणला, आणि जुलै २०१५ मध्ये पॅरिसच्या रिअ‍ॅक्ट युरोप परिषदेत तो सगळा खेळ करून दाखवला. रिडक्स ही आज नोकरीच्या जाहिरातींत दिसणारी लायब्ररी त्या एका व्याख्यानाच्या तयारीसाठी जन्माला आली. प्रात्यक्षिकासाठी केलेली वस्तू हजारो कंपन्यांचा पाया व्हावी, याचं आम्हाला अजूनही नवल वाटतं.

हॉट लोडरची युक्ती अशी होती की सगळ्यात वरच्या घटकाला एक वेष्टण घालायचं. खालून कुठूनही बदल वर आला की तो वेशीवरच अडवला जाई आणि आत फिरवला जाई. प्रत्येक घटकासमोर एक तोतया उभा केलेला असे. खरा घटक बदलला तरी तोतया तोच, म्हणून आतली माहिती शाबूत. फार हुशारीचं काम होतं. आणि म्हणूनच नाजूक होतं. चुका मध्येच गिळल्या जायच्या, पडदा अर्धवट बदलायचा. अब्रामोव्ह यांनी स्वतःच पुढे या गुंतागुंतीबद्दल मोकळेपणानं लिहिलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिअ‍ॅक्टमध्ये हुक्स आले आणि तोतयांची पद्धत मोडकळीला आली. मग रिअ‍ॅक्टच्या चमूनं फास्ट रिफ्रेश आणलं, आधी त्याच सप्टेंबरमध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये, मग २०२० मध्ये वेबवर. इथे वेशीवरचा एकटा पहारेकरी गेला आणि प्रत्येक घराच्या दारात एकेक आला. ज्या फाइलीतून फक्त रिअ‍ॅक्टचे घटकच निर्यात होतात, ती फाइल स्वतःचा बदल स्वतः स्वीकारते. तिच्यातून दुसरं काहीही बाहेर जात असेल, एखादी यादी, एखादं मदतनीस फंक्शन, तर ती स्वीकारत नाही. बदल वर ढकलते.

एप्रिल २०२० मध्ये इव्हान यू यांनी व्हीट आणलं. हा फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'झटपट', आणि त्याचा उच्चार जवळजवळ आपल्या विटेसारखाच. विठोबा विटेवर उभा राहिला तसा आजचा निम्मा फ्रंट-एंड या विटेवर उभा आहे, असं म्हणायला हरकत नाही. आणि स्थलांतराच्या पहिल्या आठवड्यात वीट येतो, हेही खरंच. तिचा वेग कशात आहे? वेबपॅक आधी सगळ्या फाइली बांधून गठ्ठा करतं आणि मग देतं. व्हीट विकासाच्या वेळी तुमच्या फाइलींचा गठ्ठा बांधतच नाही. ब्राउझरना २०१७ च्या आसपास मॉड्यूल थेट वाचता यायला लागले होते, तेव्हा ज्या फाइलीची मागणी येईल तेवढी द्यायची. बाहेरच्या लायब्रऱ्या मात्र ती आधी बांधून घेते; त्यासाठी पूर्वी इव्हान वॉलेस यांनी गो भाषेत लिहिलेलं ईएसबिल्ड वापरलं जायचं.

आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला रिअ‍ॅक्टच्या चमूनं क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप नव्या प्रकल्पांसाठी वापरू नका असं जाहीर केलं. २०१६ पासून रिअ‍ॅक्ट शिकणाऱ्याची पहिली आज्ञावली तीच असायची. पुण्यातले क्लास तेच शिकवत. शिरूरहून बसनं किंवा दौंडहून लोकलनं जाऊन जी मुलं हे शिकली, आणि पुढे गावात राहून साखर कारखान्याची, दूध संकलनाची, पतसंस्थेची कामं करू लागली, त्यांचे जुने प्रकल्प त्याच साच्यातले. आता ते हलवायचे. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळी माणसं असतात. दोघा-तिघांच्या दुकानात ही मजुरी कुणाच्या बिलात धरायची, हा खरा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाला पडद्यावर काहीच बदललेलं दिसत नाही.

तेव्हा एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, ऊस नोंदणीचं एक अ‍ॅप आहे. सभासद, गट नंबर, क्षेत्र, लागण तारीख, जात ८६०३२ की आणखी कुठली, आणि हंगाम : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. पाच-सहा वर्षांपूर्वी वेबपॅक आणि हॉट लोडरवर लिहिलेलं. आता व्हीटवर आणलं. पहिली पडझड सोपी असते : 'प्रोसेस' माहीत नाही अशी तक्रार येते, म्हणून परिस्थितीचे चल नव्या नावानं लिहायचे, 'मॉड्यूल' माहीत नाही अशी येते, म्हणून हॉट लोडरचं वेष्टण काढून टाकायचं, एचटीएमएल फाइल पब्लिक फोल्डरमधून मुळाशी आणायची, ज्या फाइलींत जेएसएक्स आहे त्यांचं शेपूट बदलायचं. सर्व्हरनं फक्त ३००० क्रमांकाच्या पोर्टला परवानगी दिलेली असते आणि व्हीट ५१७३ वर उठतं, तेही एकदा अडवतं. अर्ध्या दिवसात पडदा उघडतो. सगळे खूश.

मग फॉर्म भरताना सेव्ह केलं की फॉर्म कोरा.

आता टर्मिनलकडे बघायचं. व्हीट तिथे प्रत्येक बदलाची एक ओळ लिहितं : एकतर 'एचएमआर अपडेट', नाहीतर 'पेज रीलोड'. आपल्या उदाहरणात रीलोड दिसतो. का? फॉर्मच्या फाइलीतूनच हंगामांची यादी निर्यात केलेली आहे. साठा सांभाळणाऱ्या फाइलीला ती यादी लागते, म्हणून ती फॉर्मकडून आयात करते. आणि साठ्याची फाइल मुख्य फाइलीत थेट आयात झालेली आहे. म्हणजे फॉर्ममधला बदल यादीमुळे घरात अडत नाही. साठ्याकडे जातो, साठा स्वीकारत नाही, मुख्य फाइल येते, पान उलटतं. वर फॉर्मलाही साठा लागतोच, तेव्हा फॉर्म साठ्याला आणि साठा फॉर्मला आयात करतो, असं चक्र. चक्रात अडकलेली फाइल बदलली तरीही व्हीट पूर्ण रीलोड करू शकतं, कारण कोण आधी चालवायचं हा क्रमच हरवलेला असतो.

उपाय एका वाक्याचा आहे : हंगामांची यादी वेगळ्या फाइलीत काढायची आणि दोघांनीही ती तिथून घ्यायची. चक्र सुटतं, फॉर्मच्या फाइलीत फक्त घटक उरतो, बदल घरातच थांबतो. यादीची फाइल बदलली तर रीलोड होईलच. पण उसाचे हंगाम वर्षात किती वेळा बदलतात?

इथे आमचं मत स्पष्ट आहे. ही गाठ व्हीटनं घातली नाही. ती पाच वर्षांपासून तिथे होती. वेशीवरचा पहारेकरी खालून येणारं सगळं झेलत होता म्हणून दिसत नव्हती. पडद्यावरच्या फॉर्मनं साठ्याला माल पुरवावा ही रचनाच उफराटी होती. त्यामुळे 'नव्या साधनानं बिघडवलं' हे ऐकताना आधी नकाशा काढून बघावा.

असो. यादी हलवली. आता टर्मिनलमध्ये अपडेट दिसतं, तरी फॉर्म कोराच होतो. इथे पुष्कळ जण हात टेकतात. कारण वेगळं आहे : फॉर्म जुन्या पद्धतीनं क्लास म्हणून लिहिलेला आहे. हॉट लोडरचे तोतये क्लासमधली माहिती जपायचे. फास्ट रिफ्रेश जपत नाही; क्लास बदलला की घटक उतरवून नव्यानं चढवतं. हे त्यांनी ठरवून केलं आहे, चूक नव्हे. तेव्हा ज्या फॉर्मवर रोज काम चालतं तेवढे फंक्शन आणि हुक्समध्ये आणायचे. सगळे क्लास एका दमात बदलू नका. वर्षातून एकदा उघडणारा अहवाल तसाच राहिला तर कुणाचं काही बिघडत नाही. फंक्शन केलं तरी त्याला नाव द्या. निनावी बाण-फंक्शन थेट निर्यात केलं तर रिफ्रेशला जुना आणि नवा घटक एकच आहे हे ओळखता येत नाही. घटकातल्या हुक्सचा क्रम बदललात तर माहिती पुसली जाणारच, ते मात्र योग्यच आहे.

आणखी दोन खोड्या सांगण्यासारख्या आहेत. एक, वजनकाट्याचं वजन दर सेकंदाला वाचणारा टायमर फाइलीच्या माथ्यावरच सुरू केलेला असतो. पूर्ण रीलोडमध्ये जुना टायमर पानाबरोबर मरायचा. आता पान मरत नाही, म्हणून प्रत्येक सेव्हला एक नवा टायमर वाढतो आणि तासाभरात काट्याकडे मागण्यांची रांग लागते. अर्लांगवाल्यांनी जुन्या आवृत्तीचं काय करायचं ते आधी ठरवलं होतं, ते आठवा. इथे ते आपण ठरवायचं : टायमर घटकाच्या आत इफेक्टमध्ये न्यायचा आणि जाताना बंद करायचा, किंवा व्हीटच्या 'डिस्पोज' या सोयीत तो थांबवायचा.

दुसरी अक्षरांची. रोमन लिपीत लहान आणि मोठी अक्षरं वेगळी. आपल्या देवनागरीत ती भानगडच नाही, म्हणून की काय, आपल्याकडे फाइलींच्या नावांत याकडे दुर्लक्ष फार. विंडोज दोन्ही नावं एकच मानतं. फाइल लहान अक्षरानं सुरू होणारी आणि आयात मोठ्या अक्षरानं केलेली, तर पान उघडतं, पण व्हीटच्या नकाशात ती दोन वेगळी नावं. बदल झाला हे त्याला कळतं, पडदा मात्र हलत नाही. हीच चूक लिनक्स सर्व्हरवर चढवताना बिल्डच पाडते, म्हणजे इथे सापडली तर स्वस्तात सापडली. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असाल आणि फाइली विंडोजच्या बाजूला ठेवल्या असतील तर बदल व्हीटला कळणारच नाही. प्रकल्प लिनक्सच्या बाजूला हलवा.

शेवटी एक प्रश्न हमखास येतो : एवढं सगळं करून पुन्हा साधन बदलणार नाही कशावरून? बदलणार. इव्हान यू यांनी २०२४ मध्ये व्हॉइडझीरो ही कंपनी काढली आणि व्हीटच्या पोटातला गठ्ठा बांधणारा भाग रस्ट भाषेत नव्यानं, रोलडाउन या नावानं, लिहायला घेतला. तेव्हा आजच ईएसलिंटमध्ये रिअ‍ॅक्ट-रिफ्रेशचा नियम चालू करून ठेवा. घटकाच्या फाइलीतून दुसरं काही निर्यात झालं की तो लगेच टोकतो. पहिल्या दिवशी तो दीडशे ठिकाणी टोकेल. ते सगळं त्याच दिवशी दुरुस्त करायची गरज नाही. ज्या फाइलीला हात लावाल तेवढी नीट करायची, गाळप हंगाम सुरू व्हायच्या आधी नोंदणीचा फॉर्म, आणि बाकीचं कारखाना बंद झाल्यावर.